पंपिंग तीस टक्के : रक्त कमी पडलेल्या हृदयाविषयी

गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्री साईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात एक जाते येते. शिर्डीवर महामारीचे सावट असते, साईबाबा मशिदीत गहू दळायला बसतात आणि दळलेले पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकायला सांगतात. तो पटकीचा काळ होता. गावाला धास्ती असे ती चार दिवसांत घरे रिकामी करणाऱ्या साथीची. आज त्याच शिर्डीत साईबाबा संस्थानची दोन रुग्णालये आहेत, श्री साईनाथ आणि श्री साईबाबा. यांपैकी साईबाबा रुग्णालयात अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. त्यासाठी कोपरगाव, येवला, वैजापूर, संगमनेर, श्रीरामपूर अशा चहूबाजूंच्या गावांतून माणसे येतात. दर्शनाची आणि उपचाराची वाट एकच झाली आहे. फरक पडला तो आजारात. भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता. २०१६ मध्ये तो २८.१ टक्क्यांवर गेला. पटकीची जागा छातीतल्या कळेने घेतली.

कुठल्याही हृदयरोग विभागाबाहेरच्या बाकड्यांवर एक वाक्य हमखास कानावर येते : ‘डॉक्टर म्हणाले, पंपिंग तीस टक्केच आहे.’ टू-डी एकोच्या कागदावरचा हा आकडा नातेवाईक फोनवरून गावाकडे कळवतात आणि पलीकडचा माणूस गप्प होतो. तीस टक्के म्हणजे सत्तर टक्के हृदय गेले, असा हिशेब मनातल्या मनात झालेला असतो. तो हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिले म्हणजे धडधाकट माणसाचे हृदयही शंभर टक्के रिकामे होत नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साठ टक्क्यांच्या आसपास रक्त एका ठोक्यात बाहेर पडते. पंपिंगचा आकडा मोजतो ते एवढेच. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. ज्या भागाने आकुंचन थांबवले आहे तो भाग मेलेलाच असेल असे नाही. तो जखडलेला असेल, गुंगीत असेल, कमी रक्तावर तग धरून पडून असेल. थांबलेला स्नायू आणि मेलेला स्नायू एकोच्या पडद्यावर सारखेच दिसू शकतात. त्यांच्यातला फरक ओळखण्यात आणि पहिल्याचा दुसरा होऊ न देण्यात गेल्या नव्वद वर्षांचे हृदयशास्त्र खर्ची पडले आहे. पुढील प्रकरणांचा विषय हाच आहे, आणि त्याचा धागा आहे कॅल्शियम.

कॅल्शियम म्हटले की घराघरांत हाडे आणि दूध आठवते. ते बरोबरच आहे. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. हृदयाच्या रुग्णांना दुसरेही एक कॅल्शियम ठाऊक असते : रक्तवाहिनीच्या भिंतीत साचून ती टणक करणारे, सीटी स्कॅनमध्ये ‘स्कोअर’ म्हणून मोजले जाणारे. इथे ज्याबद्दल बोलायचे ते तिसरे. स्नायूच्या एकेका पेशीत दर ठोक्याला येणारे आणि जाणारे हे कॅल्शियम वजनात मोजायला गेले तर नगण्य आहे. ते वाढावे म्हणून गोळी घेण्याचा किंवा कमी व्हावे म्हणून दूध सोडण्याचा काही संबंध नाही. एवढे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण अर्धवट माहितीवर औषधे बंद करणारी माणसे प्रत्येक गावात असतात.

या कॅल्शियमचा शोध नळाच्या पाण्यामुळे लागला. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात धडधडते ठेवून त्याचा अभ्यास करत होते. त्यांनी आधी जाहीर केले की साध्या मिठाच्या द्रावणात हृदय छान चालते. मग लक्षात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न करता लंडनला पुरवठा होणाऱ्या नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचा जोर ओसरत गेला आणि ते थांबले. नळाच्या पाण्यात होते आणि शुद्ध पाण्यात नव्हते ते कॅल्शियम. ते थोडेसे घालताच हृदय पुन्हा चालू लागले. १८८३ मध्ये रिंगर यांनी आधीच्या निबंधातली ही गफलत स्वतःच छापून सांगितली. आज अतिसाराच्या रुग्णापासून अपघातग्रस्तापर्यंत कोणालाही लावली जाणारी ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली त्यांच्या नावाची आहे.

कॅल्शियम नेमके करते काय? हृदयाच्या पेशीबाहेर ते पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. विजेची लहर पेशीवरून गेली की तिच्या आवरणातली दारे क्षणभर उघडतात आणि थोडेसे कॅल्शियम आत शिरते. हा थेंब स्वतः फारसे काही करत नाही. तो आतल्या एका जाळीदार कोठाराला खूण देतो, आणि त्या कोठारातून कितीतरी जास्त कॅल्शियम पेशीत पसरते. ते ट्रॉपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात हे प्रथिन शोधले. ट्रॉपोनिनने कॅल्शियम पकडले की स्नायूचे दोन प्रकारचे तंतू एकमेकांना धरून सरकतात, पेशी आखडते आणि लक्षावधी पेशी एकदम आखडल्या की ठोका पडतो. हार्ट अटॅकची शंका आली की रक्तात तपासतात ते ट्रॉपोनिन याच कुटुंबातले. पेशी फुटली की ते रक्तात सांडते.

ठोका पडणे हा अर्धाच भाग झाला. पुढचा ठोका पडायचा तर पेशी सैल व्हायला हवी, आणि ती सैल व्हायची तर पसरलेले कॅल्शियम काही दशांश सेकंदांत गोळा करून परत कोठारात कोंबायला हवे. प्रवरेच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला यातली मेख लगेच कळेल. कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी उतारावरून आपोआप शेतात येते, त्याला खर्च नाही. तेच पाणी विहिरीतून वर घ्यायचे तर मोटर लागते आणि मोटरला वीज लागते. कॅल्शियम बाहेर येते ते उतारावरून, परत जाते ते मोटरने. पेशीतल्या या मोटरचे नाव सर्का. ती चालते एटीपी या इंधनावर, आणि एटीपी तयार होते प्राणवायूवर. म्हणून रक्त कमी पडले की पहिला फटका आकुंचनाला बसत नाही. हृदय आधी सैल होणे विसरते.

हृदयाची अडचण अशी की त्याच्याकडे शिल्लक नसते. विश्रांतीच्या वेळी पायाचा स्नायू रक्तातल्या प्राणवायूचा चौथा हिस्सा घेतो आणि बाकीचा सोडून देतो; गरज वाढली तर त्याच रक्तातून जास्त काढून घेण्याची सोय त्याला असते. हृदय मात्र बसल्या जागीही सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू काढून घेत असते. जास्त काम करायचे तर जास्त रक्तच आले पाहिजे. मोठ्या माणसाचे हृदय साधारण तीनशे ग्रॅमचे, आणि त्याच्या स्वतःच्या पोषणासाठी विश्रांतीत मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त लागते. चढण चढताना हीच गरज चार-पाच पट होते. पेशीत साठवलेले एटीपी तर काही ठोक्यांपुरतेच असते. ते सतत नव्याने बनत राहावे लागते. शिवाय डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः ती सैल असताना. ठोक्याच्या वेळी स्नायू स्वतःच्याच वाहिन्या आवळून धरतो. आता दोन्ही गोष्टी जोडून पाहा. रक्त कमी, म्हणून कॅल्शियम परत जात नाही. कॅल्शियम परत जात नाही, म्हणून भिंत नीट सैल होत नाही. भिंत सैल होत नाही, म्हणून तिच्या आतल्या थराला रक्त आणखी कमी. नाडी जलद झाली की सैल राहण्याचा वेळ आणखी घटतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आतला थर सगळ्यात आधी भरडला जातो.

रामनवमीसाठी मुंबईहून पायी पालख्या निघतात. चैत्राच्या उन्हात कसारा घाट चढून, घोटी-सिन्नर करत त्या शिर्डीला पोहोचतात. पन्नाशीचा एखादा पदयात्री घाटात थांबतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, जरा दम लागला. त्याच्या एका वाहिनीत अर्ध्याहून जास्त अडथळा असेल तर त्या क्षणी आत काय चाललेले असते याचा क्रम आता नीट ठाऊक आहे. आधी भिंत सैल होणे बिघडते. मग तिचे आकुंचन मंदावते. त्यानंतर ईसीजीच्या पट्टीवर बदल दिसतात. छातीतले दुखणे येते ते सर्वांत शेवटी, आणि काहींना तर येतच नाही. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत नुसती धाप, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणे एवढ्यावरच भागते. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा. बसल्यावर पाच मिनिटांत बरे वाटले, यात सुटका नाही. ती सूचना आहे. विश्रांतीने गरज खाली आली, मोटरला पुरेल इतके इंधन पुन्हा मिळू लागले, एवढाच तिचा अर्थ.

आता अडथळा अर्धवट न राहता वाहिनी पूर्ण बंद झाली असे धरू. जुन्या चरबीच्या गाठीचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्त गोठते आणि मार्ग बंद होतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाची एक वाहिनी बांधून स्नायूचे आकुंचन नोंदवले. मिनिटाभरात त्या भागाचे आकुंचन बंद पडले. इतकेच नाही, बाकीचे हृदय आखडे तेव्हा तो भाग उलट बाहेर फुगू लागला. विसाव्या शतकातल्या अनेकांना याचे कारण सरळ वाटे : इंधन संपले, काम थांबले. पण मोजमाप केल्यावर दिसले की पहिल्या मिनिटाला एटीपी फारसे कमी झालेलेच नसते. मग कॅल्शियम येत नसेल? त्याचे उत्तर १९८३ मध्ये, रिंगर यांच्या निबंधानंतर शंभर वर्षांनी, लंडनमध्येच मिळाले. डेव्हिड ॲलन आणि क्लाइव्ह ऑर्चर्ड यांनी हृदयस्नायूच्या पेशींत जेलीफिशपासून मिळवलेले एक प्रथिन भरले. कॅल्शियम लागले की ते उजळते. प्राणवायू तोडला तेव्हा स्नायूचा जोर झपाट्याने घसरला, पण उजेडाची लाट त्या मानाने फारशी घसरली नाही.

आज्ञा येत होती. तंतूच ती ऐकत नव्हते. प्राणवायू तुटताच पेशीतला राखीव इंधनसाठा मोडला जातो आणि त्यातून फॉस्फेट मोकळे होते. दुसरीकडे साखरेतून प्राणवायूविना ऊर्जा काढण्याच्या धडपडीत पेशी आम्लयुक्त होते. फॉस्फेट तंतूंची पकड सैल करते, आणि आम्ल ट्रॉपोनिनला कॅल्शियम नीट धरू देत नाही. म्हणून कॅल्शियम असूनही ठोका पडत नाही. यात एक शहाणपण आहे असे मानायला जागा आहे. आकुंचन ही पेशीतली सगळ्यात खर्चिक गोष्ट; ती वेळीच थांबल्याने उरलेले एटीपी पेशीला जिवंत ठेवण्याच्या कामी येते. मिनिटाभरात गप्प झालेल्या स्नायूला मरायला अजून बराच वेळ बाकी असतो.

किती वेळ? या प्रश्नाचे उत्तर १९७७ मध्ये कीथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांनी दिले. तेही कुत्र्यांवरचेच प्रयोग होते. पंधरा-वीस मिनिटांच्या आत वाहिनी उघडली तर पेशी बहुतेक वाचतात, हे आधी दिसले होते. त्यांनी वाहिनी वेगवेगळ्या वेळांसाठी बंद ठेवून भिंतीच्या जाडीचा किती भाग मेला ते मोजले. चाळीस मिनिटांनी उघडली तर सुमारे ३८ टक्के, तीन तासांनी ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के, आणि उघडलीच नाही तर दिवसभरानंतर ८५ टक्के. मृत्यू आतल्या थरातून निघून बाहेरच्या थराकडे सरकत जात होता. माणसाच्या हृदयात आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांची मदत प्रत्येकाला वेगळी मिळते, त्यामुळे मिनिटांचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. मात्र दिशा आणि सर्वसाधारण वेग तोच आहे.

या तासांत पेशीच्या आत कॅल्शियमची भूमिका उलटते. आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशी ते सोडियमशी बदलते. सोडियम आत साचते. ते बाहेर काढणारा पंप एटीपीवर चालणारा, म्हणजे तोही थकलेला. मग एरवी कॅल्शियम बाहेर नेणारा आणि सोडियम आत आणणारा बदली-मार्ग उलटा चालू लागतो : सोडियम बाहेर, कॅल्शियम आत. कोठारात परत नेणारी सर्काही मंद पडलेली असते. आतले कॅल्शियम चढत राहते. ते पेशीच्याच प्रथिनांना आणि आवरणांना खाणारी विकरे जागी करते, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत साचून त्यांना निकामी करते आणि कोठारातून अवेळी गळून विजेच्या भलत्याच लहरी उठवते. हार्ट अटॅकच्या पहिल्या तासात घरीच किंवा वाटेत जे अचानक मृत्यू होतात त्यांतले बरेचसे अशा विस्कळित लहरींमुळे होतात; तिथे छाती दाबणारा शेजारी आणि विजेचा झटका देणारे यंत्र याच दोन गोष्टी उपयोगी पडतात. ज्या पदार्थावाचून रिंगर यांच्या बेडकाचे हृदय थांबले, त्याच पदार्थाच्या पुरात माणसाच्या हृदयाची पेशी बुडते.

तासांचा हा हिशेब प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इटलीतल्या जिस्सी नावाच्या अभ्यासात ११,८०६ रुग्णांपैकी निम्म्यांना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिले गेले. दुखणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत ज्यांना ते मिळाले त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तीन तासांपर्यंत फायदा बराच होता, सहा तासांपर्यंत थोडा, आणि त्यापुढे त्या अभ्यासात तो दिसलाच नाही. कुत्र्याच्या हृदयातला आलेख माणसांच्या मृत्युनोंदीत उमटला होता. आता यासमोर भारताचा एक आकडा ठेवावा. पन्नास शहरांतल्या ८९ रुग्णालयांतल्या सुमारे एकवीस हजार रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मोठा झटका आलेल्या रुग्णाला दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटे होता. म्हणजे सहा तास. निम्मे रुग्ण त्याहूनही उशिरा आलेले.

हे सहा तास जातात कुठे, हे कुणालाही गावात विचारले तर सांगता येईल. रात्री जेवण झाल्यावर छाती जड होते. पित्त म्हणून सोडा घेतला जातो, मग ओव्याची फक्की, मग पाठ चोळून दिली जाते. पहाटे गावातल्या डॉक्टरांकडे एक इंजेक्शन होते. मग गाडीची शोधाशोध, मग पैशांची, मग कोणत्या रुग्णालयात न्यायचे यावर भावकीत चर्चा. यातला रस्त्याचा वाटा आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. शिर्डीपर्यंत समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे, लोणीचे प्रवरा रुग्णालय याच राहाता तालुक्यात आहे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास बसतात. स्टेंटच्या किमतींवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. साधने जवळ आली आहेत. उरलेला उशीर बहुतांशी घरात होतो, ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांत होतो, आणि त्यावर बोलणे हे हृदयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

उपचाराचे सूत्र जगभर एकच आहे. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती. होणार नसेल तर आहे तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे. तालुक्याच्या गावी दिलेले वेळेवरचे इंजेक्शन मोठ्या शहरातल्या उशिराच्या स्टेंटपेक्षा जास्त स्नायू वाचवू शकते, हे अजून पुरेसे लोकांपर्यंत पोहोचलेले नाही.

वाहिनी उघडली की गोष्ट संपत नाही, आणि हा या विषयातला सगळ्यात चकवणारा भाग आहे. रक्त परत येते तेव्हा बाहेरचे आम्ल धुतले जाते, सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल एकदम वेग घेते आणि कॅल्शियमची मोठी लाट आत येते. त्याच क्षणी प्राणवायू आल्याने एटीपीही परत आलेले असते. कॅल्शियम भरपूर आणि इंधनही आले, म्हणून तंतू इतक्या जोराने आखडतात की काही पेशी स्वतःच्याच आकुंचनाने फाटतात. मायटोकॉन्ड्रियांची छिद्रे उघडतात. मात्र याचा अर्थ वाहिनी उघडू नये असा मुळीच नाही. न उघडल्यास जे जाते ते याच्या अनेक पट असते. या दुसऱ्या आघातावर औषध शोधण्याचे प्रयत्न जिद्दीने झाले. सोडियमचा शिरकाव रोखणारे कॅरिपोराइड आले, मायटोकॉन्ड्रियांची छिद्रे बंद ठेवणारे सायक्लोस्पोरिन आले. प्राण्यांत दोन्हींनी आशा दाखवली. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत सायक्लोस्पोरिनचा उपयोग २०१५ मध्ये सिद्ध झाला नाही, आणि कॅरिपोराइडही रोजच्या वापरात आले नाही. थकलेल्या हृदयात सर्काचे जनुक घालण्याच्या चाचणीलाही २०१६ मध्ये यश आले नाही. पेशीतले कॅल्शियम इतके बारकाईने समजूनही झटक्याच्या वेळी ते थेट आवरणारे औषध अजून हातात नाही. ही खंत संशोधकांची आहे, तशीच रुग्णांचीही आहे.

दीर्घकाळच्या उपचारात मात्र कॅल्शियमने बरेच दिले आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात व्हेरापामिल कॅल्शियमची दारे अडवते हे दाखवले, आणि त्यातून औषधांचा एक वर्गच उभा राहिला. रुग्णाच्या पिशवीतल्या इतर गोळ्याही याच गणितात बसतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी नाडी मंद करते, सैल राहण्याचा वेळ वाढवते आणि पेशीत शिरणारे कॅल्शियमही कमी करते. रॅनोलाझिन सोडियमची उशिराची गळती रोखून मागाहून कॅल्शियम साचू देत नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट मुख्यतः हृदयाचा भार उतरवते. बरे वाटले म्हणून यातली एखादी गोळी परस्पर बंद करणारा माणूस नेमकी कोणती यंत्रणा उघडी टाकतो हे त्याला कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

आता पुन्हा त्या तीस टक्क्यांकडे. १९७५ मध्ये असे दिसले की कुत्र्याची वाहिनी केवळ पंधरा मिनिटे बंद ठेवून उघडली तर एकही पेशी मेलेली नसते, तरी तो भाग कित्येक तास नीट आखडत नाही. १९८२ मध्ये युजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी या अवस्थेला ‘स्टन्ड’, म्हणजे सुन्न पडलेला स्नायू, असे नाव दिले. त्यात कॅल्शियमची लाट जवळपास नेहमीसारखी असते. तंतूंची तिला प्रतिसाद देण्याची क्षमता मात्र काही काळ गेलेली असते. ती दिवसांनी, आठवड्यांनी परत येते. त्याच दशकात शहाबुद्दीन रहिमतुला यांनी दुसरी अवस्था मांडली. त्यांचा जन्म मुंबईचा, वैद्यकीय शिक्षण कराचीचे आणि कारकीर्द अमेरिकेतली. बायपासनंतर काही रुग्णांच्या वर्षानुवर्षे निपचित पडलेल्या भिंती पुन्हा हलू लागतात हे पाहून त्यांनी ‘हायबरनेटिंग’, म्हणजे शीतनिद्रेत गेलेला स्नायू, ही कल्पना पुढे आणली. रक्त कमी मिळत राहिले तर पेशी काम कमी करून जगत राहते, आणि रक्त वाढले तर कामावर परत येऊ शकते.

ही कल्पना आशा देणारी आहे म्हणून ती सरसकट लावून चालत नाही. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२१२ रुग्णांवरच्या ‘स्टिच’ अभ्यासात सुमारे दहा वर्षांनी केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ६६.१ टक्के रुग्ण दगावले होते, तर बायपास झालेल्यांपैकी ५८.९ टक्के. फायदा खरा, पण मोजकाच. तशाच रुग्णांत बायपासऐवजी स्टेंट घालून पाहणाऱ्या ‘रिव्हाइव्ह्ड’ या ब्रिटिश अभ्यासात, २०२२ मध्ये, औषधांपेक्षा जास्त फायदा आढळला नाही. कोणता स्नायू निद्रेत आहे, कोणत्याच्या जागी वण झाला आहे आणि कोणाला उघडून उपयोग होईल, हे एमआरआय आणि इतर तपासण्या हाती असूनही दर वेळी नेमके सांगता येत नाही. पुढील प्रकरणांत या तपासण्यांवर सविस्तर लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र व्यवहारात ठरून गेली आहे. कमी पंपिंगच्या रुग्णात अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत विजेचा झटका देणारे यंत्र बसवायचे का, हा निर्णय हार्ट अटॅकनंतर लगेचच्या एकोवर घेतला जात नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की हार्ट अटॅकनंतर किमान चाळीस दिवस आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर किमान नव्वद दिवस औषधे व्यवस्थित चालू ठेवून थांबावे, मग पुन्हा एको करावा. त्या काळात सुन्न पडलेला भाग जागा होतो किंवा होत नाही, आणि पहिल्या आठवड्यातला तीसचा आकडा कित्येकांच्या कागदावर पुढे चाळीस किंवा पंचेचाळीस झालेला असतो. सुट्टी देताना डॉक्टर पुढच्या एकोची तारीख लिहून देतात ती याचसाठी, आणि तोवर गोळ्या चुकवू नका असे बजावतात तेही याचसाठी.